फायबरच्या जुन्या होडीवर रंग का टिकत नाही? सुटणारे थर, परत येणारे फोड आणि रंगाआधीच्या तपासण्या

जुनी फायबरची होडी घासली, लांबी (पुट्टी) भरली, चांगल्यातला रंग लावला आणि वर्षभरात तळाचे पापुद्रे निघू लागले. पुन्हा घासले, पुन्हा रंगवले, पुन्हा तेच. अशा वेळी दोष रंगाच्या डब्याला दिला जातो आणि पुढच्या खेपेला आणखी महाग रंग आणला जातो. पण दोष बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतो: मेण, मीठ, ओल, कच्चा राहिलेला थर, नाहीतर हलणारा सांगाडा. यातले प्रत्येक कारण आपली वेगळी खूण मागे ठेवते. ती खूण न बघता घासकामाला सुरुवात केली की पुरावाही धुळीत जातो आणि दोष जागच्या जागी राहतो.

लक्षणे

आपल्या होडीवर यातले नेमके काय दिसते ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त असू शकतात.

- रंगाचे मोठे मोठे पापुद्रे निघतात आणि त्यांची मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत असते.
- रंग लावताच तो जागोजागी बाजूला सरकतो आणि गोल खळगे पडतात. रंगारी याला फिशआय म्हणतात.
- पाणरेषेखाली मसुराच्या दाण्यापासून रुपयाच्या नाण्याएवढे फोड येतात. फोडले की द्रव निघतो.
- घासून, लांबी भरून, रंगवून झाले, तरी केसासारखी भेग त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा उमटते.
- नवा थर कित्येक दिवसांनीही चिकट राहतो, नख रुतते.
- प्रायमर मारल्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, ती बुजवली तरी पुढच्या थरात परत येतात.
- पृष्ठभागावर पांढुरकी साय येते, हाताला मेणचट लागते.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, खर्चिक आणि अवघड नंतर अशा लावल्या आहेत. क्रम सोडू नका. ओलावा मोजायचे यंत्र आणायच्या आधी होडीच्या पोटातले पावसाचे पाणी काढलेले नसेल, तर त्या यंत्रावरच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

१. पापुद्रा उलटून बघा

याला काहीच लागत नाही आणि निम्मे निदान इथेच होते. सुटलेला तुकडा नखाने काढा आणि त्याची मागची बाजू व होडीवरची जागा, दोन्ही उजेडात बघा. प्रश्न एकच: थर नेमका कुठून सुटला?

पापुद्र्याची पाठ चकचकीत आणि खालचा जेलकोटही (फायबरच्या होडीचा सगळ्यात बाहेरचा, साच्यातून येणारा थर) चकचकीत असेल, तर खालची जागा घासलीच गेली नव्हती किंवा तिच्यावर मेण होते. पाठीला पांढरी भुकटी चिकटलेली असेल, तर रंग उन्हाने झडलेल्या जेलकोटच्या भुकटीवर बसला होता. पापुद्र्यात दोन-तीन रंग एकावर एक दिसत असतील, तर तुमचा नवा रंग खालच्या जुन्या रंगाला धरून आहे आणि त्या जुन्या रंगानेच हात सोडला आहे. तिथे कितीही चांगला प्रायमर मारला तरी उपयोग नाही. जुना रंग मुळापासून काढावाच लागतो. आणि पापुद्र्यासोबत जेलकोट निघून खाली काचेचे धागे दिसत असतील, तर सरळ सहाव्या तपासणीवर जा.

होडीच्या दोन्ही बाजूंचे, पाणरेषेच्या वरचे आणि खालचे असे चार-पाच पापुद्रे वेगवेगळ्या पाकिटांत घालून जागा लिहून ठेवा. पुढे कामाला येतात.

२. होडी टेकली कशी आहे, आत पाणी आहे का

तळातले बूच काढा, झाकणे उघडी ठेवा, टाक्या रिकाम्या करा. आत साचलेले पाणी लॅमिनेटला, म्हणजे जेलकोटखालच्या काचेच्या धाग्यांच्या आणि रेझिनच्या थरांना, आतून ओले ठेवते. बाहेरून कितीही सुकवले तरी तळ ओलाच राहतो.

होडीचे वजन कण्यावर असावे. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळण्यासाठी. टेकूवर वजन आले तर फायबर आत दबते आणि त्या दबलेल्या आकारावरच लांबी ओढली जाते. टेकू सरकवताना एका वेळी एकच काढा, तो नव्या जागी घट्ट बसल्यावरच दुसऱ्याला हात लावा. टेकूखालची जागा पुष्कळदा न घासताच राहते आणि पुढे नेमक्या तिथेच चौकोनी चकत्या सुटतात.

३. पाण्याची परीक्षा आणि मेण

होडी साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेले असते. त्यातले थोडे जेलकोटवर येते. नंतरची कित्येक वर्षे मालक पॉलिश लावत राहतो आणि अनेक पॉलिशांत सिलिकॉन असते. हे दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत.

साधी परीक्षा अशी: स्वच्छ गोड्या पाण्याचा फवारा मारा. पाणी अखंड पडद्यासारखे पसरून अर्धा-एक मिनिट टिकले तर जागा स्वच्छ. त्याचे थेंब झाले, पडदा फाटला, तर मेण, तेल किंवा सिलिकॉन आहे. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ही परीक्षा करून खराब जागा खडूने घेरा.

आता जी चूक सगळ्यात जास्त होते ती: मेण काढण्याआधी घासू नका. घासपेपर मेण काढत नाही. घर्षणाने मेण वितळते आणि पेपरने पाडलेल्या चऱ्यांत जाऊन बसते. मग पृष्ठभाग मंद, खरखरीत, अगदी तयार दिसतो आणि रंग मात्र धरत नाही. क्रम असा ठेवा:

१. साबणाच्या पाण्याने धुवा आणि भरपूर गोड्या पाण्याने साबण काढा. मीठ आणि माती पाण्यानेच निघते, थिनरने नाही.
२. पूर्ण सुकल्यावर मेण काढणारे द्रावण वापरा. एक सुती फडके द्रावणात भिजवलेले, दुसरे कोरडे. साधारण अर्धा चौरस मीटर भाग एकाच दिशेने पुसा आणि द्रावण उडून जायच्या आत कोरड्या फडक्याने टिपा. उडू दिले तर विरघळलेले मेण तिथेच परत बसते.
३. फडक्याची घडी दर वेळी बदला, दोन-चार भागांनंतर फडकेच बदला. एकाच फडक्याने सगळी होडी पुसणे म्हणजे मेण सगळीकडे सारखे पसरवणे.
४. पुन्हा पाण्याची परीक्षा. पडदा टिकेपर्यंत हेच.

यासाठी ॲसिटोन मला सोयीचे वाटत नाही. उन्हात ते टिपायच्या आतच उडते. सावकाश उडणारे, मेण काढण्यासाठी म्हणूनच मिळणारे द्रावण बरे. ॲसिटोन वापरलेच तर लक्षात ठेवा: त्याची वाफ शून्याखाली सुमारे २० अंशांनाही पेट घेते, ती हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या पोटात साचते. जवळ ग्राइंडर, हीटर, विडी-सिगारेट काही नको.

हे झाल्यावरच घासकाम. घासण्याआधी पेन्सिलीने सगळीकडे नागमोडी रेघा मारा. रेघ उरली म्हणजे तिथे पेपर पोचलेला नाही. पाणरेषेखाली जिथे इपॉक्सीचे (हार्डनर मिसळून वाळणाऱ्या रेझिनचे) अस्तर बसणार आहे तिथे ८० नंबर पुरतो. वर, जिथे चकचकीत रंग हवा, तिथे प्रायमरआधी १८० ते २२० आणि शेवटच्या रंगाआधी ३२०. जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. ४० नंबरचा पेपर लावून ग्राइंडर चालवला तर कडांवर आणि कण्याजवळ तो काही क्षणांत पार होतो आणि काचेचे धागे उघडे पडतात.

४. भुकटी, जुना रंग आणि तळाचे विष

काळे फडके पृष्ठभागावर दाबून फिरवा. त्यावर पांढरी भुकटी आली तर जेलकोटचा वरचा थर उन्हाने मेला आहे. तो घासून, फडक्यावर काही येईनासे होईपर्यंत काढावा लागतो.

जुना रंग ठेवायचा विचार असेल तर दोन परीक्षा करा. पहिली: नव्या रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेले फडके जुन्या रंगावर दहा मिनिटे चिकटपट्टीने लावून ठेवा. रंग फुगला, सुरकुतला किंवा फडक्यावर उतरला, तर तो एकाच डब्यातला साधा रंग आहे. त्यावर दोन भागांचा (हार्डनर मिसळून लावायचा) रंग मारला तर तो खालून उचलला जाईल. दुसरी: धारदार ब्लेडने फुलीच्या आकाराची चीर द्या, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चिरेच्या कडेने रंग निघाला तर सगळा काढा. दहा जागांपैकी दोन जागी निघाला तरीही सगळाच काढा. उरलेल्या आठ जागा पुढे कधीतरी सुटणारच असतात.

तळाचा शेवाळ-बार्नेकल रोखणारा रंग मात्र कोरडा घासायचा नाही. त्यात तांबे आणि इतर विषारी द्रव्ये असतात. तो पाणी लावून घासा किंवा खरवडून काढा, खाली प्लास्टिक अंथरा आणि राड गोळा करा. ती जमिनीत किंवा पाण्यात जाता कामा नये. फार जुन्या होडीवर कथिलयुक्त ट्रायब्युटाइलटिनचे थर असू शकतात. अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. होडी त्याआधीची असेल आणि थरांचा इतिहास माहीत नसेल, तर नमुना तपासून घेतल्याशिवाय पेपर लावू नका.

५. हवा आणि कच्चे थर

पांढरी साय, मेणचटपणा किंवा चिकट थर ही तक्रार असेल तर इथे थांबून नीट बघा, कारण यातली बहुतेक कारणे माप आणि वेळ यांतली आहेत.

आधी दव. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवे. उदाहरणार्थ हवा २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या जरा वर येतो. म्हणजे होडीचा तळ २७ अंशांच्या वर नसेल तर रंग मारू नका. सकाळी हवा तापलेली असते पण जाड तळ रात्रीचा गारवा धरून असतो. त्यावर न दिसणारी ओल बसते आणि रंग त्या ओलीवर बसतो. हवेचे तापमान बघून निर्णय घेणे ही चूक आहे. पृष्ठभागाचे तापमान मोजा.

इपॉक्सीवरची मेणचट साय म्हणजे हार्डनरमधल्या अमाइनची हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्याशी झालेली क्रिया. ती पाण्यात विरघळते. कोमट पाणी आणि नायलॉनची खरखरीत घासणी घेऊन धुवा, पुसा, मग ८० नंबरने घासा. थिनरने पुसली तर ती पसरते, आणि न धुता घासली तर पेपर भरून जातो व साय चऱ्यांत दाबली जाते. ही कटकट टाळायची असेल तर पुढचा थर आधीचा अजून जरासा चिकट असतानाच द्या: अंगठा लावल्यावर ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही, ती वेळ.

चिकट राहणाऱ्या थराची कारणे वेगवेगळी असतात:

- इपॉक्सी: प्रमाण चुकले किंवा भांड्याच्या कडेचे रेझिन ढवळलेच गेले नाही. जास्त हार्डनर घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही, ती कायमची मऊ राहते. वजनकाट्यावर मोजा, ढवळा, दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओता आणि पुन्हा ढवळा.
- पॉलिस्टर जेलकोट: हवेच्या संपर्कातला त्याचा वरचा भाग वाळतच नाही. शेवटच्या थरात मेणाचे द्रावण घालावे लागते किंवा वरून पीव्हीएची (हवा अडवणाऱ्या द्रावणाची) फिल्म मारावी लागते. उत्प्रेरक साधारण १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. १५ अंशांच्या खाली भरवसा नाही.
- इपॉक्सीवर जेलकोट: इपॉक्सीतले उरलेले अमाइन पॉलिस्टरला वाळू देत नाही. पॉलिस्टरवर इपॉक्सी उत्तम बसते, पण उलटे नाही. इपॉक्सीने दुरुस्ती केली असेल तर वर दोन भागांचा रंगच द्या, जेलकोटच्या नादी लागू नका.

पॉलिस्टरचा उत्प्रेरक, म्हणजे एमईकेपी, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगलशिवाय बाटली उघडू नका. तो ॲसिटोनमध्ये किंवा थेट कोबाल्टच्या प्रवेगकात कधीही मिसळू नका. स्फोट होऊ शकतो.

सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांचेही मूळ हवेतच आहे. जेलकोटमधले सूक्ष्म बुडबुडे घासताना उघडे पडतात, प्रायमर त्यांच्या तोंडावर पडद्यासारखा ताणला जातो, आणि ऊन वाढले की आतली हवा फुगून तो पडदा फोडते. इपॉक्सीची पातळ लांबी रबरी पट्टीने दोन दिशांनी घट्ट दाबून ओढा, आणि हे काम दुपार उतरताना करा. तापमान उतरत असताना आतली हवा आकसते आणि लांबी आत ओढली जाते. सकाळी केले तर तीच हवा लांबी बाहेर ढकलते.

६. फोड फोडून बघा

गॉगल घाला, जुन्या फोडातला द्रव दाबाखाली असतो आणि थेट तोंडावर उडतो. टोच्याने एक फोड उघडा आणि तीन गोष्टी बघा.

द्रव: नुसते पाणी असेल, वास नसेल, तर फोड रंगाचा आहे आणि दोष तिसऱ्या किंवा पाचव्या तपासणीत सापडेल. व्हिनेगरसारखा किंवा उग्र रासायनिक वास, बोटांना तेलकट-चिकट स्पर्श, आणि लिटमस किंवा पीएच पट्टीवर आम्ल दिसले, तर तो खरा ऑस्मोसिसचा फोड.

खोली: खाली शाबूत जेलकोट दिसला तर रंगाचा फोड. जेलकोटला भोक पडून धागे दिसले तर लॅमिनेटपर्यंत गेलेला.

प्रमाण: एक चौरस मीटरची चौकट आखून त्यात फोड मोजा, अशा चार-पाच चौकटी करा. चौकटीत पाच-सहा फोड असतील तर एकेकाची दुरुस्ती शक्य आहे. मोजताच येत नसतील तर आठव्या तपासणीनंतरचा भाग तुमच्यासाठी आहे.

हे घडते कसे ते समजले की उपाय आपोआप कळतो. जेलकोट पाणी पूर्ण अडवत नाही, ते रेणूरेणूने आत जाते. आत पॉलिस्टरमध्ये (होडीच्या मूळ रेझिनमध्ये) अर्धवट राहिलेले ग्लायकोल आणि मॅटला (काचेच्या सुट्या धाग्यांच्या चटईला) धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचे अंश असतात. पाण्यात विरघळून त्यांचे दाट द्रावण बनते, ते बाहेरून आणखी पाणी ओढते आणि दाब वाढून जेलकोट वर उचलला जातो.

आता लोक होडी सुकायला ठेवतात. महिनोन्‌महिने. आणि ती सुकत नाही. कारण प्रोपिलीन ग्लायकोल सुमारे १८८ अंशांना उकळते. हवेवर ते उडून जाणारच नाही. उलट ते हवेतली ओल शोषत बसते. म्हणून आधी धुणे, मग सुकवणे. प्रत्येक फोड निरोगी, घट्ट लॅमिनेट लागेपर्यंत उथळ वाटीसारखा उघडा. गरम गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारा, दिवसाआड, किमान पाच-सहा वेळा. दर धुण्यानंतर एक-दोन दिवसांनी वाट्यांमध्ये बघा: चिकट, ओलसर ठिपके परत आले तर आत अजून ग्लायकोल आहे, धुणे चालू ठेवा. ठिपके येणे थांबले की मगच सुकवण्याचे दिवस मोजायला लागा. घाई म्हणून हीटगन जवळ धरू नका. साधे पॉलिस्टर ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते.

७. ओल खरोखर गेली का

स्वस्त परीक्षा: ३० बाय ३० सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी हवाबंद चिकटवा आणि ऊन लागेल अशा जागी २४ ते ४८ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर लॅमिनेट अजून पाणी सोडते आहे. थेंब फक्त बाहेर असतील तर ते दव. दोन्ही बाजूंना, कण्याजवळ आणि मागच्या फळीजवळ असे किमान सहा तुकडे लावा.

यंत्राने मोजायचे असेल तर त्या आकड्याकडे टक्केवारी म्हणून बघू नका. ते यंत्र फरक सांगते, ओलीचे वजन नाही. पाणरेषेच्या बरेच वर, जिथे होडी कधी बुडत नाही, तिथला आकडा आधार धरा. तळावर १५ ते २० बिंदू रंगखडूने कायमचे आखा आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी, त्याच बिंदूंवर मोजा. बिंदूवरचा तांब्याचा रंग आधी खरवडा, नाहीतर यंत्र तांबेच वाचते. आतल्या बाजूला धातूची टाकी, बोल्ट किंवा ओला फोम असेल तरीही आकडा फुगतो. लागोपाठ तीन आठवडे आकडे उतरून आधारबिंदूजवळ स्थिरावले, तर पुढे जा. उतरतच नसतील तर पुन्हा धुवा.

सुकलेल्या वाट्या भरताना खोली बघा. ३ मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर इपॉक्सी आणि बारीक सिलिकाची घट्ट लांबी पुरते. गाडीच्या पत्र्यासाठीची पॉलिस्टर पुट्टी पाणरेषेखाली अजिबात नको. तिच्यातली शंखजिऱ्याची पूड पाणी धरते आणि फोड परत येतात. त्याहून खोल असेल तर गेलेले काचेचे थर परत द्यावे लागतात: खोलीच्या बारा पट रुंद उतार घासा, म्हणजे ३ मिलिमीटर खोलीला चहूबाजूंनी ३६ मिलिमीटर. ३०० ग्रॅमचे विणलेले कापड हाताने बसवल्यावर साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडी देते, म्हणजे आठ ते दहा थर. इपॉक्सीसोबत साधी मॅट वापरू नका. तिचे धागे धरणारे द्रव्य पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते, इपॉक्सीने नाही, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही.

वरचे इपॉक्सीचे अस्तर सुकल्यावर २५० ते ३०० मायक्रॉन जाड हवे, पाणरेषेच्या थोडे वरपर्यंत. पातळ अस्तर हे फोड परत येण्याचे ठरलेले कारण आहे, आणि ते मोजायला डबे पुरेसे आहेत. १ लिटर रंग १० चौरस मीटरवर ओला १०० मायक्रॉन बसतो. डब्यावर घन भाग ५० टक्के लिहिला असेल तर सुकून ५० उरतात. म्हणजे १५ चौरस मीटर तळाला दर थराला दीड लिटर, सहा थरांना ९ लिटर, आणि रोलर-भांड्यात वाया जाणारे आणखी १० ते १५ टक्के. पाच लिटरमध्ये काम संपले असेल तर थर सहा दिले असले तरी जाडी निम्मीच आहे. दर थराचा रंग थोडा वेगळा ठेवा. सुटलेली जागा लगेच दिसते.

८. भेगा आणि ठोकून बघणे

भेग आहे की ओरखडा, हे कळण्यासाठी मार्करची शाई त्यावर चोळा आणि थिनरच्या फडक्याने पुसा. ओरखड्यातली शाई निघते, भेगेतली राहते.

मग नक्षी बघा. एका बिंदूतून ताऱ्यासारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे आदळणे. एकमेकींना समांतर भेगा म्हणजे तिथे फायबर वाकते आहे. बहुधा आत आडव्या भिंतीची किंवा कपाटाची कडा टेकलेली असते. खुंट्या, कड्या यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा म्हणजे बोल्टखाली आधारपट्टी छोटी किंवा नाहीच. चहूकडे जाळीसारखे तडे म्हणजे जेलकोट फार जाड बसला होता किंवा वयाने कडक झाला.

आदळण्याच्या आणि जाळीच्या भेगा त्रिकोणी खरवडणीने व्ही-आकारात ५-६ मिलिमीटर रुंद उघडा, शाईची रेघ संपेपर्यंत खोल जा आणि इपॉक्सीची लांबी भरा. समांतर आणि बोल्टजवळच्या भेगांना मात्र हा इलाज नाही. तिथले वाकणे आतून कापडाचे थर देऊन किंवा आधारपट्टी मोठी करून थांबवल्याशिवाय भेग भरणे म्हणजे तीच भेग पुढच्या वर्षासाठी ठेवणे.

शेवटी ठोकून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने दर १० सेंटिमीटरला टकटक करा. शाबूत फायबर खणखणीत, आखूड आवाज देते. थर सुटलेले असतील किंवा आतले लाकूड ओले असेल तर आवाज बद्द येतो. आत भिंत किंवा पट्टी असेल तिथेही आवाज बदलतो, म्हणून आधी आतून त्यांच्या जागा बाहेर खडूने आखून घ्या. बद्द आवाजाच्या हद्दीभोवती रेघ मारा. डेकवर किंवा मागच्या फळीवर असा भाग सापडला तर आतल्या बाजूने ५ मिलिमीटरचे एक भोक पाडून बरमावर आलेला चुरा बघा: फिकट आणि कोरडा असेल तर ठीक, काळपट, ओला, कुजका वास असेल तर लाकूड गेले. बाहेरच्या थराला पोचायच्या आत बरमा थांबावा म्हणून खोलीच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळा.

फायबर घासताना एन९५ किंवा त्याहून वरचा मास्क, बंद गॉगल आणि पूर्ण बाह्या. हा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. थिनर आणि रेझिनसाठी सेंद्रिय वाफेच्या डब्यांचा वेगळा मास्क लागतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- फोड मोजता येत नाहीत, किंवा फोड उघडल्यावर खाली थरच्या थर पांढुरके, कोरडे, सुटे दिसतात. आता सगळा जेलकोट यंत्राने सोलावा लागणार. हाताच्या ग्राइंडरने ते केले तर तळ खाचखळग्यांचा होतो आणि चांगले लॅमिनेटही जाते.
- तळहातापेक्षा मोठा बद्द भाग, किंवा अंगठ्याने जोरात दाबल्यावर फायबर आत जाते.
- कण्याच्या सांध्यावर, मागच्या फळीच्या कोपऱ्यांत, इंजिनाच्या बैठकीजवळ किंवा आतल्या लांब पट्ट्यांवर भेगा. हे जेलकोटचे काम राहिलेले नाही, सांगाड्याचे आहे. अशी होडी रंगवून पाण्यात सोडणे जिवावर बेतू शकते.
- मागच्या फळीचा चुरा ओला निघाला आणि इंजिन तिच्यावर लटकणार आहे.
- पाच-सहा आठवडे धुऊन-सुकवूनही आकडे हलत नाहीत.
- दोन भागांचा पॉलियुरेथेन फवाऱ्याने मारायचा आहे. त्यातल्या आयसोसायनेटपासून डब्यांचा साधा मास्क पुरेसे संरक्षण देत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर ब्रश-रोलर वापरा किंवा काम सोपवा.

त्याला बोलावल्यावर पापुद्र्यांची पाकिटे, चौकटीतले फोडांचे आकडे, यंत्राच्या आठवडी नोंदी आणि ठोकून आखलेल्या रेघांचे फोटो त्याच्या हाती द्या. आणि तो येईपर्यंत त्या जागांवर पेपर लावू नका, लांबीही भरू नका. उघडी जागा त्याला जे दाखवते ते झाकलेली जागा दाखवत नाही.